डोकं त्यांचं, कागद दुसऱ्याचा

अमेरिकेतला कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ म्हटलं की मराठी वाचकाला एकच नाव चटकन आठवतं. त्याचं श्रेय वीणा गवाणकरांना. १९८१ साली आलेल्या त्यांच्या ‘एक होता कार्व्हर’नं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्याकडे घराघरांत नेऊन पोचवले. पण त्या नावामागून भुईमूग येतो आणि भुईमुगामागून एक समज येतो : पीनट बटर कार्व्हर यांनी शोधलं. ते काही खरं नाही. शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट १८८४ सालीच कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी घेतलं होतं. त्या वेळी कार्व्हर विशीत होते आणि शाळेत जागा मिळावी म्हणून गावोगाव भटकत होते. त्यांच्या स्वतःच्या नावावर उभ्या आयुष्यात तीन पेटंटं आहेत, तीही १९२५ ते १९२७ या काळातली. एक सौंदर्यप्रसाधनाचं, दोन रंगांची.

मग कार्व्हर मोठे कशामुळे? कापसानं पिळून काढलेल्या अलाबामाच्या जमिनीत द्विदल पिकांचा फेरपालट त्यांनी रुजवला. १९०६ पासून घोडागाडीवर अवजारं आणि बियाणं लादून ते शिकवत त्या टस्कीगी संस्थेचं ज्ञान त्यांनी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेलं. छपाईच्या साध्या पुस्तिका काढल्या. १९१६ च्या अशाच एका पुस्तिकेत भुईमूग कसा लावायचा ते आहे आणि तो खायच्या १०५ तऱ्हा आहेत. हे काम पेटंटच्या रकान्यात बसत नाही. त्यामुळे यादी करणाऱ्यांची अडचण होते आणि मग ते पीनट बटर चिकटवून मोकळे होतात.

अशा याद्या अमेरिकेत भरपूर आहेत. दर फेब्रुवारीत तिथे ‘कृष्णवर्णीय इतिहास महिना’ पाळला जातो. त्या निमित्तानं शाळांच्या भिंतींवर तक्ते लागतात : वाहतुकीचा सिग्नल, इस्त्रीचा फळा, हिरवळ कापायचं यंत्र, विजेच्या दिव्याची तार, रक्तपेढी. प्रत्येकापुढे एक नाव. दुसऱ्या बाजूला हे तक्ते खोडून काढण्याचा छंद जडलेली मंडळीही आहेत. सिग्नल आधीच होता, फळाही आधीच होता, म्हणजे सगळंच थोतांड, असा त्यांचा निष्कर्ष. मला दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. ‘पहिला कोण’ या प्रश्नाचं उत्तर जगातल्या बहुतेक शोधांबाबत धूसर असतं. एडिसनच्या दिव्याबाबतही ते धूसरच आहे. या माणसांच्या बाबतीत विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, तिच्यावर नाव लावायचा, ती विकायचा, तिच्यावर जगायचा हक्क त्याला होता का? नसेल, तर तो कोणी आणि कसा अडवला?

कागदोपत्री सुरुवात बरी झाली होती. न्यूयॉर्कमधले शिंपी थॉमस जेनिंग्ज हे स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक. कपडे न भिजवता स्वच्छ करण्याच्या, म्हणजे आजच्या ड्रायक्लीनिंगच्या पूर्वज म्हणता येईल अशा पद्धतीचं पेटंट त्यांना ३ मार्च १८२१ रोजी मिळालं. पेटंट मिळालेले पहिले ज्ञात आफ्रिकी-अमेरिकी ते हेच. ती पद्धत नेमकी कशी होती हे मात्र आता कळायला मार्ग नाही, कारण डिसेंबर १८३६ मध्ये वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीला आग लागून जुनी दप्तरं जळाली. जेनिंग्ज यांनी मिळकतीचा मोठा भाग गुलामगिरीविरोधी कामाला दिला. त्यांची मुलगी एलिझाबेथ हिला १८५४ साली न्यूयॉर्कच्या घोड्यांच्या ट्राममधून जबरदस्तीनं खाली उतरवलं गेलं. ती कोर्टात गेली आणि जिंकली. तिचा तरुण वकील होता चेस्टर आर्थर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला.

मेरीलँडचे शेतकरी हेन्री ब्लेअर यांना १८३४ साली मका पेरणीच्या आणि १८३६ साली कापूस पेरणीच्या यंत्राचं पेटंट मिळालं. कागदावर सहीच्या जागी फुली आहे. पेटंटच्या जुन्या नोंदींत ‘वर्णीय मनुष्य’ असा शेरा फक्त ब्लेअर यांच्या नावापुढे आढळतो. एरवी त्या दप्तरात वंशाचा रकाना नव्हताच, आणि पुढची शंभर वर्षं इतिहासकारांना त्यापायी काय यातायात करावी लागली ते पुढे येईलच.

हे झालं स्वतंत्र माणसांचं. गुलाम माणसाचं काय? हा प्रश्न सरकारपुढे उभा केला तो एका गुलामांच्या मालकानंच. मिसिसिपीतले वकील आणि मळेवाले ऑस्कर स्टुअर्ट यांच्या मळ्यावर नेड नावाचा लोहार होता. त्यानं कापसाच्या सऱ्या दोन्ही बाजूंनी एकदम खरवडणारा दुहेरी नांगर बनवला. स्टुअर्ट यांनी १८५७ मध्ये गृहखात्याला लिहिलं : गुलामाच्या हाताच्या कष्टाचं फळ मालकाचं, तसंच त्याच्या डोक्याच्या कष्टाचंही, तेव्हा पेटंट मला द्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच नाही असा निकाल दिला होता. पेटंटसाठी शपथ लागे, आणि ‘हे मी शोधलं’ ही शपथ खऱ्या शोधकानंच घ्यायची असे. मालक ती घेऊ शकत नव्हता, कारण शोध त्याचा नव्हता. नेड घेऊ शकत नव्हता, कारण कायद्याच्या लेखी तो माणूस म्हणून उभाच नव्हता. १८५८ च्या जूनमध्ये महान्यायवादी जेरेमाया ब्लॅक यांनी मोजक्या ओळींत मत दिलं की गुलामानं लावलेल्या शोधाला पेटंट देता येत नाही. कोणालाच नाही.

स्टुअर्ट यांनी पेटंटशिवाय ते अवजार विकायला काढलं, आणि जाहिरातीत एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय छापला : गुलामानं असं यंत्र बनवलं, म्हणजे गुलामगिरीनं माणसाची बुद्धी खुंटते हा उत्तरेतल्या लोकांचा आरोप खोटाच ठरला! नेडच्या बुद्धीचा पुरावा नेडलाच बांधून ठेवायला वापरला गेला. त्याचं आडनावही कागदांत नाही.

तिकडे डेव्हिस बंधूंचीही अशीच पंचाईत झाली होती. जोसेफ डेव्हिस यांच्या मळ्यावरचे गुलाम बेंजामिन माँटगोमेरी यांनी उथळ पाण्यात चालेल असा आगबोटीचा पंखा तयार केला होता. पेटंट नाकारलं गेलं. जोसेफचा धाकटा भाऊ जेफरसन डेव्हिस १८६१ मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष झाला, आणि त्या सरकारच्या पहिल्याच पेटंट कायद्यात एक कलम आलं : गुलामाच्या शोधाचं पेटंट मालकाला घेता येईल. म्हणजे गुलाम शोध लावतात हे दक्षिणेला पक्कं ठाऊक होतं; त्यासाठी कायदा करण्याइतकं ठाऊक होतं. युद्धानंतर माँटगोमेरी यांनी डेव्हिस यांचाच मळा तीन लाख डॉलरच्या कर्जावर विकत घेतला आणि काही वर्षं उत्तम चालवला. पूर आणि पडलेले कापसाचे भाव यांनी अखेर तो हातचा घालवला. त्यांचे चिरंजीव आयझाया यांनी पुढे १८८७ मध्ये माउंड बायू हे सबंध कृष्णवर्णीयांचं गाव वसवलं.

या काळातल्या एका माणसापाशी मात्र सवडीनं थांबायला हवं, कारण त्याचं काम आपल्या ऊसपट्ट्यात आजही रोज चालू आहे. नॉर्बर्ट रिलिये यांचा जन्म १८०६ चा, न्यू ऑर्लिन्सचा. वडील गोरे अभियंते, आई स्वतंत्र मिश्रवर्णीय स्त्री. मुलगा हुशार निघाला तसा वडिलांनी त्याला पॅरिसला धाडला. तिथे विशी ओलांडल्या-ओलांडल्या तो यंत्रशास्त्र शिकवू लागला.

त्या काळी लुईझियानात साखर कशी होत असे? आपलं गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणा, पण एका काहिलीऐवजी चार-पाच ओळीनं, मोठीपासून लहानीपर्यंत, खाली एकच धडधडता जाळ. गुलाम लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस या कढईतून त्या कढईत ओतत जात. अंगावर रस उडून भाजणं हे रोजचंच. जाळावर ताबा नसल्यामुळे साखर करपे, काळपट होई, आणि सरपण अफाट लागे. निर्वात भांड्यात रस कमी तापमानाला उकळतो हे इंग्लंडमधल्या हॉवर्ड यांनी आधीच दाखवलं होतं. रिलिये यांची खरी झेप पुढची. पहिल्या भांड्यातल्या रसातून निघणारी वाफ वाया का घालवायची? तीच दुसऱ्या भांड्याला तापवायला द्या. दुसऱ्या भांड्यातली हवा आणखी विरळ करा, म्हणजे तिथला रस त्याहून कमी तापमानाला उकळेल. त्याची वाफ तिसऱ्याला. एकदा पेटवलेल्या इंधनाकडून दोन-तीनदा काम करून घ्यायचं. १८४३ आणि १८४६ साली त्यांना याची पेटंटं मिळाली.

आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही साखर कारखान्यात शिरलात तर रस आटवण्याच्या विभागात एकापुढे एक उभ्या असलेल्या चार-पाच उंच ‘बॉडी’ दिसतात. पहिलीची वाफ दुसरीला, दुसरीची तिसरीला. तत्त्व तेच, रिलिये यांचं. आटवलेलं दूध, कागदाचा लगदा, समुद्राचं गोडं केलेलं पाणी, सगळीकडे तेच. उष्णतेचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडणारी यंत्रणा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्वचितच कोणी उभी केली असेल. ‘पहिला कृष्णवर्णीय अमुक’ हे बिरूद या माणसाला मुळीच लागत नाही. रसायन अभियांत्रिकीच्या कुठल्याही इतिहासात त्यांची जागा पहिल्या ओळीत आहे.

पण त्यांचं गिऱ्हाईक कोण? मळेवालेच. त्यांची यंत्रणा आधी बसवली गेली त्या मळ्यांपैकी एकाचे भागीदार होते ज्यूडा बेंजामिन, पुढे दक्षिणी सरकारचे परराष्ट्रमंत्री. यंत्रामुळे पळ्या मारणाऱ्या गुलामाचे हात भाजायचे थांबले. त्याच यंत्रामुळे साखरेचा धंदा किफायतीचा होऊन मळ्यांवरची गुलामी आणखी घट्टही झाली. रिलिये ज्या मळ्यावर सल्लागार म्हणून जात, तिथे गोऱ्यांच्या पंगतीत त्यांना बसता येत नसे. शहरातली दलदल हटवून पिवळ्या तापाला आळा घालण्याची त्यांची योजना फेटाळली गेली. वर्णाचे नियम जाचक होत गेले तेव्हा ते पॅरिसला परतले, इजिप्तच्या चित्रलिपीच्या अभ्यासात रमले आणि १८९४ साली तिथेच वारले.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. आठ वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना ती अर्पण केली. पुण्यातून पाहताना ती घटना जेवढी उजळ दिसली असेल तेवढी ती तिथल्या तिथे नव्हती. फुल्यांच्या पुस्तकानंतरच्याच वर्षी, १८७४ मध्ये, हेन्री बेकर नावाचा कृष्णवर्णीय तरुण ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत दाखल झाला. सहाध्यायांनी त्याचा इतका छळ केला की तिथे त्याचं शिक्षण पुरं होऊ शकलं नाही. १८७७ मध्ये तो पेटंट कचेरीत नक्कलनवीस म्हणून लागला.

या आढाव्यातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा माणूस तो हाच, आणि त्यानं स्वतः काहीच शोधलं नाही. ‘निग्रोंनी आजवर काहीही शोधलेलं नाही’ हे वाक्य त्या काळी सभांतून सर्रास फेकलं जाई. ते खोडायचं तर पुरावा हवा, आणि दप्तरात वंश नोंदवलेला नाही. बेकर यांनी नोकरी सांभाळून नावं जमवायला सुरुवात केली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्तानं पेटंट कचेरीनंच देशभरच्या पेटंट वकिलांना पत्रं पाठवली : तुमच्या अशिलांपैकी कोणी कृष्णवर्णीय आहे का? बेकर यांनी उत्तरं पडताळून साडेतीनशेहून अधिक पेटंटं गोळा केली. विल्यम ड्यू बॉइस यांनी पॅरिसमध्ये मांडलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकेच्या दालनात ती ठेवली गेली. त्याआधी १८९४ मध्ये दक्षिण कॅरोलिनाचे प्रतिनिधी जॉर्ज मरे यांनी ९२ पेटंटांची यादी संसदेच्या कामकाजात नोंदवून घेतली होती. मरे गुलामीत जन्मलेले. यादीत त्यांची स्वतःची शेती-अवजारंही होती. १९१३ च्या आपल्या पुस्तिकेत बेकर यांनी सांगितलं की पुष्कळ शोधक आपला वर्ण मुद्दाम लपवतात, कारण तो उघड झाला की मालाची किंमत घसरते. आजच्या तक्त्यांवरच्या जुन्या नावांचं मूळ बहुतेक बेकर यांच्या वह्यांत आहे. फरक एवढाच की त्यांनी ‘अमुक यंत्रातल्या सुधारणेचं पेटंट’ अशी नेमकी नोंद केली होती आणि पुढच्यांनी ‘सुधारणा’ गाळून ‘शोध’ ठेवला.

ती सुधारणा किती मोलाची असू शकते हे पाहायचं तर मॅसॅच्युसेट्समधलं लिन हे बुटांचं गाव पाहावं. १८७७ च्या सुमारास यान मॅट्झेलिगर नावाचा तरुण तिथे आला. जन्म सुरिनामचा, इंग्रजी तुटपुंजं. बूट शिवायची बरीचशी कामं तोवर यंत्रांवर गेली होती. एकच काम हातानं होई : वरचं कातडं लाकडी फरम्यावर ताणून, पायाच्या घाटाप्रमाणे चुण्या घालून, तळाला खिळ्यांनी ठोकणं. चांगला कारागीर दिवसाला पन्नासएक जोड करी. हा हात यंत्राला साधणार नाही अशी कारागिरांची खात्री होती आणि त्या खात्रीवर त्यांची मजुरी टिकून होती. मॅट्झेलिगर दिवसा कारखान्यात राबत आणि रात्री सिगारच्या खोक्यांची फळकुटं, भंगारातले तुकडे जोडून कारागिराच्या बोटांची हालचाल यंत्रात उतरवत. पेटंटचे नकाशे इतके गुंतागुंतीचे झाले की वॉशिंग्टनच्या कचेरीला ते उलगडेनात. तपासनीस प्रत्यक्ष लिनला येऊन यंत्र बघून गेला. मार्च १८८३ मध्ये पेटंट मिळालं. यंत्र दिवसाला १५० पासून ७०० पर्यंत जोड काढू लागलं आणि बुटांच्या किमती निम्म्यावर आल्या.

भांडवलासाठी मॅट्झेलिगर यांना शोधातला दोन-तृतीयांश हिस्सा आधीच देऊन टाकावा लागला होता. १८८९ मध्ये क्षयानं ते गेले, वयाची सदतिशीही पुरी न करता. गावातल्या इतर चर्चनी त्यांना आत घेतलं नव्हतं. ज्या एकानं घेतलं त्याच्या नावे त्यांनी आपले शेअर ठेवले. त्या धंद्यातून पुढे उभी राहिलेली कंपनी अमेरिकेतल्या जोड्यांच्या यंत्रांची जवळजवळ मक्तेदार बनली.

लुइस लॅटिमर आणि ग्रॅनव्हिल वुड्स ही दोन नावं नेहमी एडिसनच्या सावलीत सांगितली जातात. लॅटिमर पळून आलेल्या गुलामांचे चिरंजीव. बेल यांच्या टेलिफोन पेटंटचे नकाशे त्यांनी काढले. दिव्यातला कार्बनचा तंतू भाजताना मोडू नये म्हणून पुठ्ठ्याच्या आवरणाची युक्ती त्यांची, १८८२ ची. आणि ती त्यांनी एडिसनच्या प्रतिस्पर्धी कंपनीत काम करताना काढली होती. पुढे एडिसनच्याच कंपनीत पेटंटच्या खटल्यांसाठी त्यांची साक्ष मोलाची ठरली. वुड्स यांनी धावत्या रेल्वेतून तार पाठवण्याच्या पद्धतीवरून झालेला हक्काचा वाद जिंकला, सुमारे पन्नास पेटंटं मिळवली आणि १९१० मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये कफल्लक वारले. थडग्यावर दगड बसायला १९७५ साल उजाडलं.

चेहरा लपवणं हा तर धंद्याचा भागच होऊन गेला होता. वॉशिंग्टनच्या एलन एग्लिन या घरकाम करणाऱ्या बाईंनी कपडे पिळायच्या यंत्राचा शोध १८८८ मध्ये अवघ्या १८ डॉलरना एका दलालाला विकला. काळ्या बाईचं यंत्र गोऱ्या बायका घेणार नाहीत, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. क्लीव्हलँडचे गॅरेट मॉर्गन यांनी धुरात श्वास घेता येईल अशी टोपी बनवली, १९१४ मध्ये पेटंट घेतलं. दक्षिणेत प्रात्यक्षिक दाखवताना मालक म्हणून गोरा नट उभा राही आणि मॉर्गन स्वतः मूळ अमेरिकी टोळीवाल्याचा वेश करून धुराच्या तंबूत शिरत. जुलै १९१६ मध्ये ईरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट होऊन मजूर अडकले. मॉर्गन भावाला घेऊन, ती टोपी चढवून आत उतरले आणि माणसं बाहेर काढली. शौर्यपदकं दुसऱ्यांना मिळाली. वर्तमानपत्रांतून चेहरा उघड झाल्यावर दक्षिणेतली गिऱ्हाइकं गळाली. तक्त्यावर मात्र ते सिग्नलसाठी असतात. सिग्नल त्यांच्या आधीही होते. १९२३ च्या त्यांच्या पेटंटमधलं मर्म होतं सगळ्या बाजूंची वाहतूक क्षणभर थांबवणारी मधली अवस्था.

लपवणं जिथे पुरेसं नव्हतं तिथे काय झालं, याचं आजवरचं सर्वांत ठोस उत्तर अर्थतज्ज्ञ लिसा कुक यांनी दिलं आहे. १८७० ते १९४० या काळातली आफ्रिकी-अमेरिकींची ७२६ पेटंटं त्यांनी जनगणनेच्या नोंदींशी ताडून निश्चित केली आणि झुंडबळी, दंगली, वर्णभेदाचे कायदे यांच्या तारखांशेजारी मांडली. आलेख १८९९ मध्ये शिखरावर जातो आणि मग घसरतो. गोऱ्यांचा तसा घसरत नाही. हिंसा नसती तर आणखी अकराशेहून अधिक पेटंटं निघाली असती, असा त्यांचा हिशेब. २०१४ साली हे संशोधन छापून आलं. मला त्यातला तर्क पटतो तो साध्या कारणानं. पेटंट म्हणजे सरकारवरचा विश्वास असतो. माझी वस्तू कोणी लुबाडली तर कायदा माझ्या बाजूनं उभा राहील, या भरवशावर माणूस अर्ज भरतो. १९२१ मध्ये टल्सा शहरातली कृष्णवर्णीयांची अख्खी पेठ जाळली गेली आणि सरकार उभं राहिलं नाही, तेव्हा अर्ज भरायचा कशासाठी?

विसाव्या शतकात शोध कारखान्यातून प्रयोगशाळेत गेले आणि नाव खोडायची पद्धतही बदलली. हवाई विद्यापीठातल्या ॲलिस बॉल यांची गोष्ट त्यातली सगळ्यांत छोटी. चौलमोगरा वर्गातल्या झाडांच्या बियांचं तेल कुष्ठरोगावर पूर्वापार देत. आपल्या सह्याद्रीतलं कडू कवठ त्याच कुळातलं. हे तेल पोटात घेतलं तर मळमळे आणि टोचलं तर कातडीखाली गाठी होऊन बसे. बॉल यांनी १९१५-१६ मध्ये त्यातली मेदाम्लं वेगळी करून शरीरात शोषली जातील अशा रूपात आणली. निष्कर्ष छापण्याआधीच, वयाच्या २४ व्या वर्षी त्या वारल्या. विद्यापीठाचे प्रमुख आर्थर डीन यांनी काम पुढे नेलं, छापलं, आणि ती ‘डीन पद्धत’ झाली. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं येईपर्यंत कुष्ठरोग्यांसाठी हाच मुख्य आधार होता. पद्धत बॉल यांची आहे हे त्यांचे सहकारी डॉ. हॉलमन यांनी १९२२ मध्ये लिहून ठेवलं. विद्यापीठाची फलकावरची कबुली २००० सालची.

पर्सी ज्युलियन यांचं नाव खोडता आलं नाही. आजोबा गुलाम, नातवानं व्हिएन्नाची डॉक्टरेट मिळवली आणि १९३५ मध्ये काचबिंदूवरच्या फायसोस्टिग्मिनचं संश्लेषण करताना ऑक्सफर्डच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांना मागे टाकलं. तरी ज्या कॉलेजात हे केलं तिथे कायम प्राध्यापकी मिळाली नाही. विस्कॉन्सिनमधल्या एका संस्थेत नोकरी ठरत आली, तर निग्रोनं गावात रात्री मुक्काम करू नये असा जुना नियम आडवा आला. अखेर ग्लिडन या रंगांच्या कंपनीनं त्यांना शिकागोत घेतलं. तिथे सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी झिरपून तळाला पांढरा साका बसला. दुसऱ्यानं तो खराब माल म्हणून फेकला असता. ज्युलियन यांनी त्यातलं स्टिग्मास्टेरॉल ओळखलं आणि त्यापासून मोठ्या प्रमाणावर प्रोजेस्टेरॉन बनवलं. कॉर्टिसोन स्वस्त होण्यातही त्यांचा वाटा आहे. १९५० मध्ये त्यांनी ओक पार्क या गोऱ्या उपनगरात घर घेतलं. राहायला जायच्या आत ते पेटवायचा प्रयत्न झाला आणि पुढच्या वर्षी आवारात डायनामाइट फुटलं. ते तिथेच राहिले. स्वतःची कंपनी काढून १९६१ मध्ये ती वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली.

डॉ. चार्ल्स ड्र्यू यांच्याबद्दलची दंतकथा इथे सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला रक्तद्रव पाठवण्याची व्यवस्था त्यांनी लावून दिली. त्याच सुमारास अमेरिकी सैन्य आणि रेडक्रॉस कृष्णवर्णीयांचं रक्त आधी नाकारत होते, नंतर वेगळं ठेवत होते. १९५० साली मोटार अपघातात ड्र्यू गेले. गोऱ्यांच्या इस्पितळानं त्यांना दाखल करून घेतलं नाही म्हणून ते गेले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. प्रत्यक्षात गोऱ्या डॉक्टरांनी शर्थीचे प्रयत्न केले होते. कथा टिकली, कारण तसं खरोखर अनेकांच्या बाबतीत घडत होतं. पण ती सांगण्याच्या नादात रक्ताच्या बाटल्यांवर वर्णाच्या चिठ्ठ्या लावणारी खरी, सरकारमान्य गोष्ट मागे पडते.

जॉन्स हॉपकिन्समध्ये १९४४ साली निळ्या पडणाऱ्या बाळावर पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा डॉ. ब्लेलॉक यांच्या मागे एका स्टुलावर विवियन थॉमस उभे होते. हीच शस्त्रक्रिया कुत्र्यांवर शेकडो वेळा करून पाहिलेला माणूस टेबलापाशी तेच होते. कॉलेजची पायरी त्यांना चढता आली नव्हती आणि नोकरीची सुरुवात झाडूवाल्याच्या दर्जावर झाली होती. शस्त्रक्रियेला दोन डॉक्टरांची नावं मिळाली. तिसरं नाव आता कुठे जोडलं जातंय.

‘पहिला’ या पदव्यांचं मग करायचं काय? नासातल्या मेरी जॅक्सन १९५८ मध्ये तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला अभियंता झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टर पॅट्रिशिया बाथ यांनी मोतीबिंदू लेझरनं काढायच्या उपकरणाचं पेटंट १९८८ मध्ये घेतलं आणि वैद्यकीय पेटंट घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला डॉक्टर ठरल्या. या नोंदी खऱ्या आहेत. पण असा प्रत्येक ‘पहिला’ हा खरं तर दार किती काळ बंद होतं त्याची तारीख सांगतो. बेल लॅब्जमधले जेम्स वेस्ट यांनी गेरहार्ड सेसलर यांच्यासह १९६२ मध्ये इलेक्ट्रेट मायक्रोफोन बनवला. पुढे कित्येक दशकं टेलिफोन आणि टेपरेकॉर्डरांत तोच होता. कोणत्याही यादीतलं ‘पहिला’ हे विशेषण काढून टाकलं तरी हे काम उभं राहतं.

शेवटी लॉनी जॉन्सन. १९६८ साली अलाबामातल्या विज्ञान स्पर्धेत आपल्या यंत्रमानवासह आलेला हा एकमेव कृष्णवर्णीय मुलगा पहिला आला. पुढे नासाच्या गॅलिलिओ मोहिमेवर अभियंता झाला. १९८२ मध्ये घरच्या न्हाणीघरात पाण्यावर चालणारा उष्णता-पंप तपासताना नळीतून जोरदार धार सुटली आणि त्यांना हवेच्या दाबावरची पिचकारी सुचली. ‘सुपर सोकर’ नावानं ती जगभर खपली. रंगपंचमीला आपल्या बाजारात मिळणाऱ्या, दट्ट्या मारून दाब भरायच्या पिचकाऱ्या त्याच वळणाच्या. पण जॉन्सन यांची गोष्ट आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळी झाली ती कागदामुळे. पेटंट त्यांचं, करार त्यांचा. स्वामित्वधनाची रक्कम बुडवली जाते आहे असं दिसलं तेव्हा ते हॅस्ब्रो कंपनीविरुद्ध लवादात गेले, आणि २०१३ मध्ये त्यांना सात कोटी २९ लाख डॉलर मिळाले. पिचकारीच्या पैशावर अटलांटातली त्यांची स्वतःची प्रयोगशाळा चालते. घन बॅटऱ्या आणि उष्णतेची थेट वीज करणारं यंत्र ही तिथली सध्याची कामं, आणि त्यांची पेटंटं ते स्वतःच्याच कंपनीच्या नावे घेतात.